प्रसाद नाकारणारा शेजारी

यवतमाळहून आर्णीमार्गे माहूरला निघालं, की एकाच रस्त्यावर किती तऱ्हेची श्रद्धा भेटते! आर्णीत बाबा कंबलपोषांचा दर्गा आहे आणि तिथे नवस फेडायला येणाऱ्यांत हिंदू कमी नसतात. धनोड्याजवळ पैनगंगेचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा मागे पडतो आणि माहूरचे डोंगर समोर येतात. एका डोंगरावर रेणुकामाता, पलीकडे दत्तशिखर, त्याच्या पुढे अनसूयामाता. सोनापीरचा दर्गाही इथलाच. आणि याच माहुरात देवदेवेश्वराचं मंदिर आहे. हे स्थान महानुभाव पंथाचं आहे, हे शिखरावर जाणाऱ्या गर्दीतल्या पुष्कळांना ठाऊक नसतं.

शिखरावरही दत्त आणि देवदेवेश्वरातही दत्तच. पण शिखरावरचा दत्त ब्रह्मा, विष्णू, महेश यांचा एकत्र अवतार आहे, तर महानुभावांचा श्रीदत्तात्रेयप्रभू एकमुखी आहे. तो तिघांचा मिळून झालेला नाही. तो स्वतःच परमेश्वर आहे. श्रीकृष्ण, श्रीदत्तात्रेय, श्रीचक्रपाणी, श्रीगोविंदप्रभू आणि श्रीचक्रधर हे त्यांचे पंचकृष्ण. उपासना फक्त यांची, बाकी देवतांची नाही. पंथाच्या परंपरेनुसार चक्रपाणींना माहूरलाच, मेरुवाळा तलावाकाठी, वाघाच्या रूपातल्या दत्तात्रेयांनी दर्शन दिलं. एकच गाव, एकच नाव, पण देव मात्र वेगळा.

मला या भागातलं सर्वांत मोठं कोडं इथे दिसतं. दर्ग्यावर चादर चढवून परतलेला भाविक सहज सांगेल, "देव सगळे एकच." मुसलमान शेजाऱ्याने आपल्या आरतीला यावं अशी त्याची अपेक्षा नसते आणि शेजारी आला नाही तर वाईटही वाटत नाही. पण त्याच्याच भाऊबंदांतलं एखादं घर महानुभाव असेल आणि त्या घरच्या काकूने सत्यनारायणाचा शिरा नम्रपणे नाकारला, तर ते महिनाभर मनात राहतं. परक्याच्या नकाराचं काही वाटत नाही, घरातल्या माणसाचा नकार मात्र बोचतो. असं का व्हावं?

हाच प्रश्न घेऊन आपल्याला थेट अमेरिकेत जाता येतं. प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने तिथल्या लोकांना वेगवेगळ्या धर्मगटांबद्दल मत विचारलं आणि २०२३ साली त्याचे आकडे प्रसिद्ध केले. ज्यूंबद्दल अनुकूल मत असणारे ३५ टक्के, प्रतिकूल असणारे फक्त ६ टक्के. मुसलमानांबद्दल १७ अनुकूल, २२ प्रतिकूल. आणि मॉर्मनांबद्दल? १५ अनुकूल, २५ प्रतिकूल. मॉर्मन अमेरिकेतच जन्मले, बहुतेक गोरे, इंग्रजी बोलणारे, येशूला मानणारे, दारूला न शिवणारे, कुटुंबवत्सल, कष्टाळू लोक. अमेरिकेतल्याच मातीत उगवलेला हा धर्म, आणि अनुकूल-प्रतिकूल मतांतलं अंतर पाहिलं तर तोच सगळ्यांत खाली!

मॉर्मन म्हणजे कोण, हे थोडक्यात सांगायला हवं. जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात 'बुक ऑफ मॉर्मन' हा ग्रंथ छापला आणि त्याच वर्षी चर्च स्थापन केलं. देवदूताने दाखवलेल्या सुवर्णपत्रांवरून आपण तो ग्रंथ उतरवला, असं तो सांगे. बायबल खरंच आहे, पण ते शेवटचं नाही आणि प्रेषितांचा काळ संपलेला नाही, ही त्याची शिकवण. इतर ख्रिस्ती मंडळींच्या पोटात यानेच गोळा आला. येशूला न मानणारा ज्यू ख्रिस्ती धर्माच्या बाहेर उभा असतो, त्याची जागा ठरलेली असते. मॉर्मन मात्र आत येऊन म्हणतो, "मीही ख्रिस्तीच. तुमच्यापाशी ग्रंथ आहे तो अपुरा आहे."

त्याची किंमत त्यांनी रक्ताने मोजली. २७ ऑक्टोबर १८३८ रोजी मिसुरी राज्याचा गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज याने हुकूम काढला, की मॉर्मनांना एकतर राज्याबाहेर हाकला, नाहीतर संपवा. तीनच दिवसांनी हॉन्स मिल या वस्तीत सतरा मॉर्मन मारले गेले. १८४४ च्या जूनमध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने घुसून जोसेफ स्मिथला ठार केलं. मग ब्रिगहॅम यंगच्या मागे हजारो माणसं बैलगाड्या जुंपून पश्चिमेकडे निघाली आणि त्यांची पहिली तुकडी २४ जुलै १८४७ रोजी मिठाच्या सरोवराजवळच्या ओसाड खोऱ्यात येऊन थांबली. आजचं युटा राज्य तिथूनच उभं राहिलं. मिसुरीचा तो हुकूम अधिकृतपणे मागे घेतला गेला १९७६ साली, म्हणजे १३८ वर्षांनी.

आता परत वऱ्हाडात येऊ. भडोचच्या एका प्रधानाचा मुलगा, हरिपाळदेव, तेराव्या शतकात घर सोडून निघाला आणि अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला गोविंदप्रभूंना भेटला. तोच पुढे चक्रधर झाला. गोदाकाठ आणि वऱ्हाड पायी फिरत त्यांनी जे सांगितलं ते त्या काळच्या समाजाला पचणारं नव्हतं. जातिभेद मानू नका. विटाळ बाळगू नका, बाईच्या मासिक पाळीचासुद्धा. संन्यास स्त्रीलाही घेता येतो. आणि हे सारं संस्कृतात नाही, मराठीत. त्यांच्या शिष्यांत महदाइसा होत्या, मराठीतल्या पहिल्या ज्ञात कवयित्री. नागदेवाचार्य होते, ज्यांनी पुढे पंथ सांभाळला. आणि म्हाइंभट होते. चक्रधर निघून गेल्यावर या म्हाइंभटांनी गावोगाव फिरून ज्याने ज्याने चक्रधरांना पाहिलं, ऐकलं, त्याला गाठून आठवणी गोळा केल्या. त्यातून 'लीळाचरित्र' तयार झालं, मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ. यादवांचा प्रधान हेमाद्री आणि त्याच्या बाजूची मंडळी चक्रधरांच्या जिवावर उठली, असं पंथाची परंपरा सांगते. १२७४ च्या सुमारास चक्रधरांनी उत्तरेकडे प्रयाण केलं, असं पंथ मानतो.

पुढची पाच-सहा शतकं महानुभावांना समाजाने जसं वागवलं, ते वाचताना मिसुरीची आठवण होते. इथे कत्तलीचा हुकूम निघाला नाही, हा फरक मोठा आहे आणि तो विसरू नये. पण संशय तोच होता. काळे कपडे घालणारे, एकाच पंथात स्त्री आणि पुरुष संन्यासी असलेले, देवळाबाहेरून निघून जाणारे हे लोक आत काय करत असतील, असं कुजबुजलं जाई. कुणा कृष्णंभटाने जादूची टोपी घालून कृष्णाचं सोंग घेतलं आणि त्यातून हा पंथ निघाला, अशी कुचाळकीची कथाच रचली गेली. "करणी कसाबाची, बोलणी मानभावाची" ही म्हण तर आपण अजून वापरतो. अहिंसा हा ज्यांच्या आचाराचा पाया, त्यांना म्हणीत कसाबाशेजारी बसवलं. मला ही म्हण ऐकवत नाही.

दोन्हीकडे अफवा कशाभोवती जमल्या ते बघा. महानुभावांच्या बाबतीत स्त्री-संन्याशांभोवती, मॉर्मनांच्या बाबतीत बहुपत्नीत्वाभोवती. मॉर्मनांत बहुपत्नीत्व खरोखर होतं. १८५२ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं आणि १८९० मध्ये त्यांच्या अध्यक्षाने नव्या बहुपत्नी विवाहांना मनाई जाहीर केली. महानुभावांच्या भिक्षुणी मात्र संन्यासिनी होत्या, व्रतस्थ. पण बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीकडे एकच दिसलं: बाईची जागा आपल्या घरातल्या बाईपेक्षा वेगळी आहे. तेवढं संशयाला पुरलं.

छळ झालेला पंथ दोन गोष्टी करतो: लांब जातो आणि आपले ग्रंथ झाकतो. महानुभावांनी दोन्ही केलं.

लांब म्हणजे किती? पंजाबपर्यंत, पेशावरपर्यंत, आणि थेट काबूलपर्यंत! तिकडे त्यांना जयकृष्णी म्हणत. मराठी ज्यांची मातृभाषा नाही अशा पंजाबी भक्तांनी पिढ्यान्‌पिढ्या मराठी पोथ्या जपल्या, नकलून काढल्या, त्यांतली वचनं मुखोद्गत केली. वऱ्हाडातल्या खेड्यात बोललेलं वाक्य हिंदूकुशाच्या पायथ्याशी पाठ होत होतं, आणि इकडे पुण्या-नागपुरातल्या विद्वानांना ते वाक्य अस्तित्वात आहे हेच माहीत नव्हतं. मराठीच्या इतिहासात याहून थक्क करणारं काही मला माहीत नाही.

आणि झाकणं? त्यासाठी त्यांनी लिप्या बनवल्या. चौदाव्या शतकात रवळोबासांनी केलेली सकळ लिपी त्यांत सर्वांत रुळलेली. तिच्यात नागरी अक्षरांची अदलाबदल केलेली असते, एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरं. पोथी उघडणाऱ्याला अक्षरं ओळखीची वाटतात आणि तरी एकही शब्द लागत नाही. सकळीखेरीज सुंदरी, वज्र, अंक, शून्य, सुभद्रा अशा कितीतरी लिप्या झाल्या. आपले पवित्र शब्द कुचेष्टा करणाऱ्याच्या हाती पडू नयेत, म्हणून भाषेलाच कुलूप लावलेलं.

युटात गेलेल्या मॉर्मनांनीही लिपी बनवली, हे कळलं तेव्हा मी अवाक झाले. १८५४ च्या सुमारास ब्रिगहॅम यंगच्या प्रोत्साहनाने ३८ अक्षरांची डेझरेट वर्णमाला तयार झाली. १८६८-६९ मध्ये तिच्यात मुलांची वाचनपुस्तकं आणि बुक ऑफ मॉर्मनसुद्धा छापलं गेलं. तिचा घोषित हेतू वेगळा होता: युरोपातून आलेल्या नव्या भक्तांना इंग्रजीचं अवघड स्पेलिंग सोपं व्हावं. ती टिकलीही नाही. तरी वाळवंटात जेमतेम पाय रोवलेल्या समाजाला स्वतःची अक्षरं घडवावीशी वाटतात, यात मला रवळोबासांच्या मनाचा अंश दिसतो.

कुलुपाचा त्रास असा, की ते दोन्ही बाजूंना बंद करतं. लोक संशय घेतात म्हणून पोथ्या झाकल्या, आणि पोथ्या झाकलेल्या म्हणून संशय वाढला. इंग्रजी अमलातल्या जातिजमातींच्या नोंदींत तर हा पंथ वऱ्हाडात जेमतेम दोनशे वर्षांपूर्वी स्थापन झाल्याचं छापलं गेलं. साडेसहाशे वर्षांचा पंथ, पण पुरावा कुलपात! मॉर्मनांच्या मंदिरांचंही असंच. त्यांच्या रविवारच्या सभेला कुणीही जाऊ शकतो, पण मंदिरातले विधी फक्त पात्र ठरलेल्या सभासदांसाठी असतात. आत काय चालतं, यावर अमेरिकेत जेवढं तिखटमीठ लावलं गेलं तेवढं क्वचितच कशावर लागलं असेल.

मग ते कुलूप उघडलं कसं? इथे यवतमाळला मान आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांमुळे सकळ लिपी वाचता येऊ लागली. महंतांनी हळूहळू पोथ्या दाखवायला सुरुवात केली. ज्यांनी हे काम आयुष्यभर धरून ठेवलं त्यांतले एक म्हणजे यशवंत खुशाल देशपांडे, यवतमाळच्या शारदाश्रम या संशोधनसंस्थेचे आधारस्तंभ. १९२५ साली त्यांचा 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हा ग्रंथ आला. पुढे नागपुरात हरि नारायण नेने आणि मग वि. भि. कोलते यांनी ग्रंथामागून ग्रंथ संपादित केले.

या घटनेचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. ज्यांच्या पूर्वजांनी महानुभावांना नावं ठेवली त्याच वर्गातले अभ्यासक मठांच्या ओट्यावर जाऊन बसले, आणि ज्यांनी शतकानुशतकं पोथी लपवली त्या महंतांनी ती त्यांच्यासमोर उलगडली. एका बाजूचा संकोच आणि दुसऱ्या बाजूची भीती, दोन्ही एकाच बैठकीत थोडी थोडी उतरली असणार. सहिष्णुता हा शब्द भाषणात फार पोकळ वाजतो. मला तो या बैठकीत दिसतो.

आता मघाच्या कोड्याकडे. परका पटतो आणि जवळचा बोचतो, असं का? आपल्याकडे धुऱ्याचं भांडण कुणाशी होतं ते आठवा. दुसऱ्या तालुक्यातल्या शेतकऱ्याशी कधीच होत नाही. ते होतं चुलतभावाशी, कारण धुरा त्याच्याशीच लागून असतो. धर्माच्या बाबतीतही सीमा जिथे लागून असते तिथे प्रत्येक वीत मोजली जाते. मुसलमान शेजारी शिरा घेत नाही तेव्हा तो फक्त "मी वेगळा" म्हणतो. महानुभाव काकू शिरा घेत नाही तेव्हा आपल्याला ऐकू येतं, "तुमचा देव देव नाही." ती तसं म्हणालेली नसते. ती फक्त तिचं व्रत पाळत असते. पण नात्यामुळे आवाज मोठा होतो.

पुण्यातली एक जुनी गोष्ट इथे चपखल बसते. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याच्या छावणीत गेला. काही इंग्रज शिपाई त्याच्या नादी लागले, एक छोटी शाखाही झाली. त्याला विरोध कुणी केला? पेठांतल्या ब्राह्मणांनी नव्हे. विरोध केला छावणीच्या अधिकाऱ्यांनी आणि इतर ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी. पुणेकरांच्या लेखी तो आणखी एक साहेब होता. दोन-तीन वर्षांत तो प्रयत्न विझला. आजही यवतमाळात मॉर्मनांबद्दल कुणाचं वाईट मत सापडणार नाही, आणि युटात महानुभावांबद्दल सापडणार नाही.

याच यवतमाळात ख्रिस्ती धर्म मात्र उघडपणे, मोठ्या आवारात नांदला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या फ्री मेथडिस्ट पंथाच्या मिशनऱ्यांनी इथे काम सुरू केलं. १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी हे धर्मगुरू घडवणारं विद्यालय यवतमाळात उभं राहिलं आणि १९८३ मध्ये पुण्याला हलेपर्यंत तीस वर्षं भारतभरचे विद्यार्थी इथे येऊन शिकले. शहराला त्याची सवय झाली होती. त्यांचा धर्म निराळा, त्यांचं आवार निराळं, आणि आपल्या घरच्या पूजेत त्यांचा पाय नाही.

अर्थात जवळिकीचा हा नियम सगळीकडे लावायला गेलं तर फसगत होईल. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि विदर्भातल्या लाखो लोकांनी बावीस प्रतिज्ञा घेऊन जुने देव सोडले. त्यांनीही नैवेद्य नाकारला, मरीआईचं काम नाकारलं, मेलेलं ढोर ओढणं नाकारलं. गावाने त्याला उत्तर बहिष्काराने दिलं, मारहाणीने दिलं. पण तिथे दुखावलेपण देवाचं नव्हतं, फुकटची चाकरी बंद झाल्याचं होतं. बौद्धांनी सोसलं त्याला पंथांमधल्या रुसव्याच्या मापाने मोजणं अन्यायाचं होईल. मुसलमानांच्या वाट्याला येणारा संशयही वेगळा असतो, तो शांततेच्या काळात झोपतो आणि दंग्याच्या वेळी एका रात्रीत जागा होतो. सहन करण्याचे प्रकार अनेक आहेत. एकाला बाजूला ठेवून सहन केलं जातं, एकाला आपल्यातलाच समजून, पण कुरकुरत.

सरकारी यादीत याचा पत्ताही लागत नाही. मुसलमान, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन हे देशात अधिसूचित अल्पसंख्य आहेत. महानुभाव त्या यादीत नाहीत. जनगणनेत ते हिंदूंमध्ये मोजले जातात. अल्पसंख्याच्या आतलं अल्पसंख्यपण आणि बहुसंख्याच्या आतलं अल्पसंख्यपण कोणत्याच रकान्यात मावत नाही.

पण कायद्याने एका जागी फार सुंदर काम केलं आहे, आणि ते मॉर्मनांच्या वाटेने आपल्यापर्यंत आलं आहे. अमेरिकेत १८७९ मध्ये रेनॉल्ड्स नावाच्या मॉर्मनाचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला आणि १८९० मध्ये डेव्हिस विरुद्ध बीझन हा दुसरा. न्यायालयाने सांगितलं, की मनातली श्रद्धा मोकळी आहे, पण वागणुकीवर कायदा बंधन घालू शकतो. बहुपत्नीत्वाला धर्माचं संरक्षण मिळालं नाही. पुढे मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहांवर बंदी घालणारा कायदा झाला आणि १९५१ मध्ये नरसू अप्पा माळी यांच्या खटल्यात त्याला आव्हान मिळालं. न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी कायदा योग्य ठरवला, तेव्हा छागलांच्या निकालात मॉर्मनांच्या त्या अमेरिकन खटल्यांपैकी एकाचा दाखला आला. युटातल्या एका वादाने मुंबईच्या न्यायालयात मराठी घराचा प्रश्न सोडवायला हात दिला.

त्याच्या तीनच वर्षांनी, १९५४ मध्ये, दक्षिणेतल्या शिरूर मठाच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पुढचं पाऊल टाकलं. डेव्हिस खटल्यातली धर्माची व्याख्या पुरेशी नाही, असं त्यांनी म्हटलं. धर्म म्हणजे फक्त देवाबद्दलचं मत नव्हे. विधी, आचार, इतकंच काय पण अन्न आणि वस्त्र यांबाबतचे नियमही धर्माचा भाग असू शकतात. संविधानाच्या २६ व्या अनुच्छेदात तर 'धार्मिक संप्रदाय किंवा त्याचा कोणताही गट' असे शब्दच आहेत. म्हणजे पंथाच्या आतल्या पंथाचीही त्यात सोय आहे.

अन्न आणि वस्त्र! मला वाटतं, न्यायमूर्तींनी इथे माणसांच्या शेजारपणाचं मर्मच पकडलं. परमेश्वर एकमुखी की त्रिमुखी, यावर गावात वाद होत नाही. वाद होतो ताटातल्या शिऱ्यावर. मॉर्मन चहा पीत नाहीत, कॉफी पीत नाहीत. १८३३ च्या त्यांच्या आरोग्यनियमांपासूनची ती शिस्त आहे. कल्पना करा, एखादा मॉर्मन तरुण विदर्भात कुणाच्या घरी आला आणि पहिल्याच मिनिटाला चहाला नाही म्हणाला. त्याने बुक ऑफ मॉर्मन काढण्याच्या आतच घरधनी मनातून दुरावलेला असेल. महानुभाव वासनिकाच्या, म्हणजे गृहस्थ अनुयायाच्या, घरात मांस शिजत नाही, दारू येत नाही, इतर देवतांना दाखवलेला नैवेद्य खाल्ला जात नाही. भेटल्यावर ते "दंडवत प्रणाम" म्हणतात. एवढ्या छोट्या छोट्या गोष्टींतून शेजारी ओळखला जातो, आणि एवढ्याच गोष्टींतून तो परकाही होतो.

उपायही तितकाच छोटा असतो. महानुभावांचा आक्षेप शिऱ्याला नसतोच. तो नैवेद्याला असतो. मग घरातली जाणती बाई पूजेला बसण्याआधीच कढईतला थोडा शिरा वेगळ्या वाटीत काढून ठेवते. तो देवाला दाखवलेला नसतो, म्हणून तो काकूंना चालतो. कुणाचं व्रत मोडत नाही, कुणी उपाशी उठत नाही. यासाठी कुणाला तत्त्वज्ञान शिकावं लागत नाही. काकूंचं व्रत काय आहे, एवढं मात्र ठाऊक असावं लागतं.

अमेरिकेतल्या अभ्यासकांनाही हेच आढळलं. रॉबर्ट पटनम आणि डेव्हिड कॅम्पबेल यांनी २०१० च्या 'अमेरिकन ग्रेस' या ग्रंथात लोकांच्या मनातला धर्मांविषयीचा जिव्हाळा मोजला. मॉर्मन, बौद्ध आणि मुसलमान यांच्या वाट्याला तो सर्वांत कमी आला. त्यांचं स्पष्टीकरण साधं आहे. प्रत्येकाच्या नात्यात एक सुसान मावशी असते, वेगळ्या धर्माची पण इतकी प्रेमळ, की स्वर्गात कुणी जाणार असेल तर ती नक्की जाईल असं वाटावं. ज्या धर्माची सुसान मावशी तुमच्या घरात आहे तो धर्म तुम्हाला आवडू लागतो. मॉर्मन मोठ्या संख्येने युटा आणि आसपासच्या राज्यांत एकवटलेले आहेत, म्हणून बाकी अमेरिकेत पुष्कळांना ती मावशी भेटतच नाही. त्या ग्रंथाचे लेखक कॅम्पबेल स्वतः मॉर्मन आहेत, हेही सांगायला हवं.

मॉर्मनांनीही आपल्या बाजूने दारं किलकिली केली आहेत. नवं किंवा दुरुस्त केलेलं मंदिर समर्पित करण्याआधी काही आठवडे ते सर्वांसाठी खुलं ठेवतात. वॉशिंग्टनच्या मंदिराने २०२२ मध्ये असे दरवाजे उघडले. जोसेफ स्मिथच्या अनेक विवाहांबद्दल चर्चने २०१४ मध्ये स्वतःच लिहून प्रसिद्ध केलं. जे इतकी वर्षं शत्रू ओरडून सांगत होते, ते घरच्यांनीच शांतपणे सांगितलं.

इकडे विदर्भात चित्र किती पालटलं! ज्या रिद्धपुरात गोविंदप्रभू राहत होते तिथे महाराष्ट्र शासनाने मराठी भाषा विद्यापीठ स्थापन केलं, आणि त्याचे पहिले कुलगुरू अविनाश आवलगावकर हे महानुभाव वाङ्मयाचेच अभ्यासक. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा तिच्या जुन्या वाङ्मयवैभवाच्या चर्चेत लीळाचरित्राचं नाव मानाने घेतलं गेलं. म्हणीत ज्यांना ढोंगी ठरवलं त्यांच्याच पोथ्या भाषेच्या दाखल्याला कामी आल्या.

आणि त्या पोथ्या आता अमेरिकेतही पोचल्या आहेत. अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने १९८० च्या दशकात महानुभावांच्या धर्मविचारावर आणि गोविंदप्रभूंच्या चरित्रावर पुस्तकं लिहिली, आणि आता हार्वर्डच्या मूर्ती ग्रंथमालेत लीळाचरित्राचा त्यांचा अनुवाद 'गॉड अ‍ॅट प्ले' या नावाने येऊ लागला आहे. डाव्या पानावर देवनागरीत म्हाइंभटांचं मराठी, उजव्या पानावर इंग्रजी. युटातला एखादा मॉर्मन विद्यार्थी ते सहज उघडू शकतो. ज्यांचे खापरपणजे हाकलले गेले आणि बैलगाड्या जुंपून वाळवंटाकडे निघाले, त्या मुलांना वऱ्हाडातल्या या हाकललेल्या पंथाची, त्याच्या काबूलपर्यंतच्या वाटेची आणि कुलूपबंद अक्षरांची गोष्ट कळल्यावर काय वाटेल, हे त्यांच्याच तोंडून ऐकायला मला फार आवडेल.